सोन्याची बातमी आणि तिचा कस

घडियाळी पोळात पाटल्या मोडावयास नेल्या, तर सराफ आधी कसोटीवर कस पाहतो, मग तोलतो आणि मगच भाव बोलतो. गिऱ्हाईक तीन पिढ्यांच्या ओळखीचे असले तरी हा क्रम चुकत नाही. सोन्याच्या बातमीला मात्र आपण तो लावीत नाही.

फेब्रुवारी २०२० मध्ये उत्तर प्रदेशातील सोनभद्र जिल्ह्यात तीन हजार टनांहून अधिक सोने सापडल्याची वार्ता देशभर पसरली. त्या वेळी रिझर्व्ह बँकेजवळचे सारे सोने साडेसहाशे टनही भरत नव्हते! शंका येण्यास एवढेच पुरे होते. २२ फेब्रुवारीस भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्याने खुलासा केला. त्याच्या अंदाजाप्रमाणे तेथे सोनेमिश्रित दगड होता सुमारे ५२,८०६ टन, आणि त्यात टनामागे सोने सरासरी ३.०३ ग्रॅम. हा गुणाकार शाळकरी मुलासही येतो. उत्तर निघते अवघे १६० किलो. तेही दगडातून वेगळे काढावयाचे!

अशा वार्तेने भाव कोसळेल या धास्तीने कोणी लेकीसाठी ठेवलेले दागिने मोडले, तर नुकसान त्या घराचे होते. बातमी पसरविणाऱ्याचे काहीच जात नाही. म्हणून वाचकांनी तीन प्रश्न विचारावे: सांगितले कोणी? वजन दगडाचे की धातूचे? सोने हाती आले की नुसता अंदाज आहे? उत्तरे मिळेपर्यंत पाटल्या कपाटातच बऱ्या.