नव्या कारमधून स्टेपनी गायब! बीडच्या घाटात टायर फाटला तर?

शोरूममध्ये गेल्यावर आपण काय बघतो? स्क्रीन किती इंचांची, सनरूफ आहे का, फोन वायरशिवाय जोडला जातो का. डिकीतलं कार्पेट उचलून खाली सहसा कुणी डोकावत नाही. पुढच्या वेळी डोकवा. बऱ्याच नव्या गाड्यांत, विशेषतः इलेक्ट्रिक गाड्यांत, तिथे पाचवं चाक नसतं. एक छोटा पंप असतो आणि चिकट द्रवाची एक बाटली. हे झालं तुमचं पंक्चर किट.

ही कंपनीची लबाडी नाही, नियमात बसणारी गोष्ट आहे. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने जुलै २०२० मध्ये मोटार वाहन नियमांत बदल केला. ३.५ टनांपर्यंतच्या प्रवासी गाडीला ट्यूबलेस टायर, टायरमधली हवा कमी झाली की सांगणारी यंत्रणा आणि पंक्चर किट असेल, तर स्टेपनी देण्याची सक्ती उरली नाही. १ ऑक्टोबर २०२० पासून हे लागू आहे. जागा मोकळी होईल, इलेक्ट्रिक गाडीत मोठी बॅटरी बसवता येईल, असं कारण सरकारने दिलं होतं.

कारण खोटं नाही, पण अपुरं आहे. कंपनीच्या बाजूने हिशोब करून बघा. टायर, रिम, जॅक, पाना हे सगळं प्रत्येक गाडीतून वाचलं, तर लाखभर गाड्यांमागे किती पैसे वाचतील? शिवाय स्टेपनीचं वजन सहज १५ किलोच्या आसपास जातं. कंपनीने विकलेल्या सगळ्या गाड्यांच्या धुराची सरासरी सरकार मोजतं. २०२२-२३ पासून ही मर्यादा किलोमीटरमागे ११३ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड इतकी खाली आली आहे. त्यामुळे एकेक किलो कमी करण्यासाठी इंजिनिअर लोक झटत असतात. पाचवं चाक म्हणजे त्यांच्या दृष्टीने वर्षातून एकदाही न वापरलं जाणारं ओझं.

गंमत म्हणजे गाडी पहिल्यांदा आली तेव्हाही तिला स्टेपनी नव्हती. १९०४ च्या सुमारास वेल्समधल्या लॅनेली गावात दोन डेव्हिस बंधूंनी जादा चाक विकायला सुरुवात केली. त्यांचं दुकान होतं स्टेपनी स्ट्रीटवर. इंग्रजांच्या देशात आज हा शब्द कुणी फारसा वापरत नाही, आपल्याकडे मात्र पंक्चरवाल्यापासून आरटीओपर्यंत सगळ्यांच्या तोंडी आहे.

गेलेलं सगळंच वाईट गेलं का?

अजिबात नाही. वडिलांना किंवा काकांना चोकबद्दल विचारा. जुन्या फियाट किंवा पहिल्या मारुती ८०० मध्ये थंडीत सकाळी एक खटका ओढून गाडी सुरू करावी लागायची. कार्बोरेटरला इंजिन थंड आहे हे कळत नव्हतं, म्हणून हवा कमी आणि पेट्रोल जास्त हे गणित माणसाने हाताने जमवायचं. पुढे फ्युएल इंजेक्शन आलं. इंजिनचं तापमान सेन्सर मोजतो, पेट्रोल किती द्यायचं ते कॉम्प्युटर ठरवतो. प्रदूषणाचे नियम कडक होत गेले तसा कार्बोरेटर संपला आणि त्याच्यासोबत चोकही. काम तेच राहिलं, फक्त माणसाच्या हातून सुटलं. त्यासाठी रडायचं कारण नाही.

पुढच्या दारातली ती छोटी तिकोनी काचही तशीच. ती फिरवली की वारा थेट अंगावर यायचा. एसी आला आणि ती गेली. उन्हाळ्यात एसी बंद पडला की तिची आठवण येते, पण तेवढंच.

तिसरा प्रकार म्हणजे पुढचं लोखंडी गार्ड. हा विषय बीड जिल्ह्यात जरा नाजूक आहे, कारण इथे गार्ड म्हणजे रुबाब! पण आजच्या गाडीचं नाक मुद्दाम चेपण्यासाठीच बनवलेलं असतं. धडकेचा जोर ते स्वतः गिळतं आणि किती जोरात धडक बसली यावरून एअरबॅग उघडायची की नाही ते ठरतं. चेसिसला बोल्ट केलेलं गार्ड तो जोर थेट आत पाठवतं, एअरबॅगचा अंदाज चुकू शकतो आणि समोर पायी चालणारा माणूस असेल तर त्याचं काय होतं ते सांगायला नको. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्राने सगळ्या राज्यांना अशा गार्डवर कारवाई करायला सांगितलं. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये ते बसत नाही. तरी बाजारात ते आजही मिळतं, ही आपली रीत.

आता स्टेपनी यातल्या कुठल्या गटात बसते? चोकचं काम कॉम्प्युटर करतो, गार्ड काढल्याने जीव वाचतो. स्टेपनीचं काम मात्र किट पूर्णपणे करत नाही. टायरच्या रस्त्याला टेकणाऱ्या भागात खिळा घुसला, भोक साधारण ६ मिलिमीटरपर्यंत असलं, तर बाटलीतला द्रव ते बुजवतो. कडेची भिंत दगडाने चिरली किंवा खड्ड्यात रिमच वाकली, तर बाटली तशीच परत ठेवून द्यायची.

आणि इथेच बीडचा प्रश्न वेगळा होतो. जिल्हा बालाघाटाच्या डोंगरात पसरलेला. बीड शहरात पहिली प्रवासी रेल्वे आली तीच १७ सप्टेंबर २०२५ ला. तोवर लग्न असो, दवाखाना असो की परीक्षा, शहरातून निघायचं तर रस्त्यानेच. मांजरसुंबा घाट हायवेवर आहे, तिथे रात्रीही वर्दळ असते. पण धारूरचा अरुंद घाट, पाटोदा-आष्टीकडचे आतले रस्ते, ऊस हंगामात खडीने आणि चिखलाने भरलेल्या कडा, या ठिकाणी टायरची भिंत फाटणं ही काही क्वचितची गोष्ट नाही. ज्या शहरात अर्ध्या तासात टोइंग येतं आणि फोनला नेहमी रेंज असते, तिथला ग्राहक डोळ्यासमोर ठेवून हा हिशोब केलेला आहे. भारत एनकॅपचे स्टार बघून आपण गाडी घेतो, पण रात्री घाटात अडकल्याबद्दल त्या चाचणीत एकही गुण कापला जात नाही.

म्हणून नाशिकच्या कारखान्यातून निघणारी बोलेरो बघा. २००० साली आलेली ही गाडी अजूनही मागच्या दारावर पूर्ण आकाराचं चाक मिरवत फिरते. तिला ते परवडतं, कारण तिचा ग्राहक ते मागतो. सीएनजीमध्येही असंच झालं. टाकीने डिकी खाल्ल्याची ओरड झाल्यावर टाटाने २०२३ मध्ये अल्ट्रोझला एका मोठ्या टाकीऐवजी दोन लहान टाक्या दिल्या आणि स्टेपनी गाडीच्या पोटाखाली नेली. म्हणजे मनात आणलं तर जागा सापडते.

गेलेली गोष्ट परत येऊही शकते. सगळी बटणं स्क्रीनमध्ये कोंबण्याची फॅशन आली होती ना? युरोपच्या एनकॅपने जानेवारी २०२६ पासून इंडिकेटर, हॅझर्ड लाइट, हॉर्न, वायपर आणि आपत्कालीन कॉल यांना हाताला लागणारं बटण किंवा दांडी नसेल तर गुण कापायचं ठरवलं आहे. आपल्याकडे स्टेपनीबाबत असं काही अजून ठरलेलं नाही.

तोपर्यंत बुकिंगची पावती फाडण्याआधी सेल्समनला विचारा: स्टेपनी आहे का, आणि ती पूर्ण आकाराची की बारीक? बारीक चाकावर साधारण ताशी ८० किमीच्या वर जायचं नसतं. नसेल तर ॲक्सेसरी म्हणून मिळते का, डिकीत मावते का, जॅक कुठे टेकवायचा? किट असेल तर बाटलीवरची एक्स्पायरी तारीख वाचा, हो, तिलाही असते. आणि द्रव टायरमध्ये सोडला असेल तर पंक्चरवाल्याला आधी सांगा, नाहीतर टायर उघडल्यावर सगळं त्याच्या अंगावर येतं.