त्रास माझा, धडाही माझाच

सुरतेहून भुसावळकडे जाणारी गाडी उधना सोडते आणि थोड्याच वेळात चलथाण येते. पलसाणा तालुक्यातले हे गाव म्हणायला गाव. सहकारी साखर कारखाना, जवळच कडोदऱ्याच्या कापड गिरण्या आणि महामार्गावरची अखंड वाहतूक यांनी त्याचे रूप कधीच पालटले आहे. उन्हाळ्यात दमट उकाडा, गाळपाच्या हंगामात मळीचा वास, दिवेलागणीला डास आणि गाडीच्या डब्यात तिघांच्या बाकड्यावर पाच जण, हे इथल्या माणसाचे रोजचे जिणे. याच मार्गावर पुढे बारडोली, व्यारा, सोनगड, नवापूर, नंदुरबार लागते आणि त्या पट्ट्यातून कामासाठी सुरतेकडे येणाऱ्यांत ख्रिस्ती आदिवासी कुटुंबेही असतात. ख्रिस्ती उपदेशाची एक जुनी, हसरी रीत अशा जगण्याला फार जवळची आहे. गाडी उशिरा आली, त्यातून धीर शिकावा; शेजाऱ्याचे कोपर बरगडीत रुतले, त्यातून शेजारधर्म आठवावा; एवढ्याशा डासाने झोप उडवली, त्यातून आपल्या ऐटीची किंमत कळावी. पुष्कळ शिकल्यासवरल्या लोकांना ही रीत बाळबोध वाटते. मला ती मोलाची वाटते आणि ती टिकावी असे मनापासून वाटते. मात्र तिला एक अट आहे. धडा ज्याचा त्याने, स्वतःच्या त्रासातून घ्यावा. दुसऱ्याच्या त्रासातून आपण काढून त्याच्या हाती ठेवलेला धडा त्याला जखमेसारखा लागतो.

या रीतीचे मूळ थेट बायबलात सापडते. योनाचे पुस्तक म्हटले की बहुतेकांना मोठा मासा आठवतो, पण ते पुस्तक संपते ते उन्हावर. निनवे शहराचा नाश होणार असे योनाने जाहीर केले; शहराने पश्चात्ताप केला; देवाने त्याला वाचवले; आणि आपले भाकीत फुकट गेले म्हणून हा संदेष्टा रुसून शहराबाहेर जाऊन बसला. देवाने त्याच्या डोक्यावर सावलीसाठी एक वेल उगवली, तेव्हा स्वारी खूश झाली. दुसऱ्या दिवशी पहाटे किडीने वेल पोखरली, ऊन चढले, पूर्वेचा तापलेला वारा सुटला आणि योना चक्क मरण मागू लागला. तेव्हा देवाने त्याला विचारले ते एवढेच, की एका रात्रीत आलेल्या नि एका रात्रीत गेलेल्या वेलीसाठी तुझा जीव इतका तुटतो, तर एवढ्या मोठ्या शहरातल्या माणसांसाठी आणि गुराढोरांसाठी माझा तुटू नये का. पुस्तक या प्रश्नावरच थांबते, योनाचे उत्तर आपल्याला कळत नाही. या प्रसंगात हसू आहे, पण चेष्टा नाही. ऊन खोटे आहे असे देव म्हणत नाही, सोसायला शीक असेही सांगत नाही. स्वतःच्या भाजलेल्या टाळूवरून दुसऱ्यांच्या जिवापर्यंत तो योनाची नजर नेतो. किरकोळ त्रासातून निघालेला धडा खरा की पोकळ हे ताडायची कसोटी मला इथे मिळते: त्या धड्याने माणसाचे मन रुंदावले की आपल्याच सहनशीलतेच्या कौतुकात ते अडकले?

लिझ्यूच्या तेरेजाने हीच गोष्ट मठाच्या चार भिंतींत करून दाखवली. १८९७ साली अवघ्या चोविसाव्या वर्षी क्षयाने गेलेली ही फ्रेंच जोगीण. तिच्या आत्मकथनातले प्रसंग अगदी क्षुल्लक आहेत. प्रार्थनेच्या वेळी मागे बसलेली एक भगिनी सतत कसलासा आवाज करी. तेरेजाला घाम फुटेपर्यंत त्याचा जाच होई. शेवटी तो आवाज टाळायची धडपड सोडून ती तो कान देऊन ऐकू लागली, जणू सुंदर संगीत चालले आहे, आणि तेच ऐकणे तिने देवाला अर्पण केले. कपडे धुताना समोरची भगिनी घाण पाण्याचे शिंतोडे तिच्या तोंडावर उडवी, तेव्हाही तिने मागे सरायचे टाळले. हे सारे तिने गोड, खेळकर शब्दांत लिहिले. मागे वळून त्या भगिनीला मात्र तिने काही शिकवले नाही.

मराठी वाचकाला यासाठी फ्रान्सला जायची गरज नाही. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ आपल्या घरात आहेत. १८६८ साली नाशिकजवळच्या जलालपूरला जन्मलेली, शाळा न पाहिलेली, अकराव्या वर्षी लग्न होऊन आलेली ही बाई. तिचे पुस्तक १९३४ पासून भागाभागाने प्रसिद्ध झाले आणि मराठी गद्यात त्याच्या तोडीचे फार थोडे आहे. माहेरी वडिलांच्या सोवळ्याच्या वेडाने सारे घर जेरीस आलेले. सासरी नारायण वामन टिळकांसारखा नवरा: कवी, मनस्वी, हातात आलेला पैसा दुसऱ्याच्या हाती देऊन मोकळा होणारा, लहर लागली की घरातून निघून जाणारा. १० फेब्रुवारी १८९५ रोजी टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि लक्ष्मीबाईंच्या पायाखालची जमीन गेली. पुढची काही वर्षे लहान मुलाला घेऊन त्या नवऱ्यापासून वेगळ्या राहिल्या. हे दुःख डोंगराएवढे होते आणि त्यावर त्या विनोद करत नाहीत, उपदेश तर नाहीच नाही. त्यांचे हसू उमलते ते रोजच्या ओढाताणीवर: रिकामे डबे, अवचित आलेले पाहुणे, स्वतःचा राग, स्वतःचे अज्ञान, नवऱ्याचा विसरभोळेपणा. मोठे दुःख कोणते आणि किरकोळ त्रास कोणता याचा त्यांना पक्का अदमास होता. किरकोळ त्रासातले अध्यात्म शोधणाऱ्याने आधी हा अदमास शिकावा.

लक्ष्मीबाईंच्या आयुष्यातला मोठा पालट मला याच धाग्यात दिसतो. नवऱ्याकडे परतल्यावरही त्या आपले सोवळे सांभाळून, वेगळा स्वयंपाक करून राहत होत्या. हा त्रास रोजचा होता: कोणी शिवले, कोणाचे पाणी, कोणाची सावली. त्या त्रासाचा विचार करता करताच त्यांना कळून चुकले की ही उच्चनीचता माणसाने केलेली आहे, देवाने नाही, आणि त्या कोणाच्याही हातचे खाऊपिऊ लागल्या. बाप्तिस्मा त्यानंतरचा. म्हणजे त्यांच्या बाबतीत धर्मग्रंथाआधी पाण्याच्या भांड्याने शिकवले. टिळक इतके दिवस त्यांना समजावतच होते, पण दुसऱ्याच्या समजावण्याने जे झाले नाही ते स्वतःच्या घुसमटीतून झाले. माझ्या अटीसाठी याहून चांगला दाखला मला देता येणार नाही.

आता आक्षेप. पहिला आक्षेप श्रद्धावंतांचाच असतो. ख्रिस्ताने क्रूस वाहिला, हुतात्म्यांनी रक्त सांडले, आणि तुम्ही डासांवर प्रवचन करता, याने धर्म उथळ होत नाही का? मला वाटते, उथळपणाचा धोका उलट्या बाजूने अधिक आहे. ख्रिस्ती घरांत गुडघेदुखीपासून तापट सुनेपर्यंत कशालाही ‘हा माझा क्रूस’ म्हणायची सवय असते. छोट्या त्रासाला मोठे नाव दिले की क्रूस स्वस्त होतो आणि माणूस स्वतःच्याच डोळ्यांत हुतात्मा ठरतो. हसू इथे प्रमाण राखते. उकाड्याला उकाडाच म्हणायचे, त्यावर हसायचे आणि त्यातून उकाड्याएवढाच धडा घ्यायचा. हलकेपणा हा इथे खरेपणाचा भाग आहे, आणि ज्याला आपल्या लहान दुखण्यावर हसता येते त्यालाच शेजाऱ्याचे मोठे दुखणे दिसण्याइतकी उसंत मिळते.

दुसरा आक्षेप जड आहे आणि तो झटकून टाकता येत नाही. चलथाण, बारडोली, मढी या साखरपट्ट्यात दरवर्षी दिवाळीच्या सुमारास डांग, धुळे, नंदुरबारकडून ऊसतोड मजूर येतात. नवराबायकोची जोडी म्हणजे एक कोयता, अशी इथली मोजणी. उघड्यावर पडाव, प्लास्टिकच्या कागदाची पालं, मुकादमाकडून घेतलेली उचल फेडण्यासाठी पहाटेपासून तोडणी. या माणसांना गैरसोयीतले अध्यात्म शिकवणे म्हणजे अन्यायावर साखर पेरणे नव्हे काय? होय, शिकवणे हे तसेच आहे. बायबलचेही मत याहून वेगळे नाही. ईयोबाच्या मित्रांनी त्याच्या यातनांचा अर्थ त्याला लांबलचक भाषणांत समजावला आणि शेवटी देवाचा कोप झाला तो त्या मित्रांवर. याकोबाच्या पत्रात तर हाच माणूस उभा केला आहे: उघड्या, उपाशी बांधवाला गोड शब्दांत निरोप देणारा आणि हाती काही न ठेवणारा, त्याचा विश्वास मेलेला आहे असे ते पत्र बजावते. पौलाचे वागणे मला याहूनही बोलके वाटते. आपल्या शरीरातल्या काट्यावर त्याने करिंथकरांना लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात खोल चिंतन केले, तेही तो काढून टाकावा म्हणून तीनदा विनवणी केल्यावर. पण तरुण सहकारी तीमथ्य वारंवार आजारी पडतो असे दिसल्यावर त्याने त्याला काट्याचा अर्थ सांगितला नाही. पोटासाठी थोडा द्राक्षारस घेत जा, असे सुचवले. स्वतःच्या दुखण्याला चिंतन, दुसऱ्याच्या दुखण्याला औषध.

आपल्याकडच्या ख्रिस्ती जीवनातही ही दोन्ही कामे एकाच हाताने झाली आहेत. याच रेल्वेमार्गावर नवापूरच्या पुढे चिंचपाड्याला मिशनचे रुग्णालय आहे. आदिवासींच्या तापाला तिथे गोळी मिळते, नुसता धीर नव्हे. वसईत फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी ‘सुवार्ता’ मासिकातून वर्षानुवर्षे अध्यात्म लिहिले आणि त्याच काळात हरित वसईच्या चळवळीत उभे राहून गावच्या जमिनी, पाणी आणि झाडे गिळणाऱ्यांशी झुंज घेतली. प्रार्थनेने माणूस गप्प बसतो असे म्हणणाऱ्यांनी ही दोन कामे एकाच माणसाच्या आयुष्यात शेजारी ठेवून पाहावीत. आणि एक उलटी गोष्टही सांगायला हवी. नाझींच्या रेव्हन्सब्रुक छळछावणीत १९४४ साली डांबलेल्या टेन बूम भगिनींपैकी बेट्सीने बराकीतल्या पिसवांबद्दलसुद्धा देवाचे आभार मानले. धाकट्या कोरीला ते पटेना. पुढे त्यांना कळले की पिसवांच्या भीतीने पहारेकरी आत पाऊल ठेवत नसत, म्हणूनच त्यांना तिथे बायबल वाचता येत होते. बेट्सी त्याच छावणीत मेली. हे आभार तिने मानले म्हणून ते पवित्र आहेत. तेच शब्द छावणीच्या फाटकाबाहेरच्या कोणी उच्चारले असते तर ती निंदा झाली असती. अत्यंत गरीब माणसालाही आपल्या हालांवर हसायचा आणि त्यात देव शोधायचा हक्क आहे. पडावातल्या बाईने उन्हावर केलेला विनोद तिचा आहे. तो हिरावून घेणे आणि तो तिच्यावर लादणे, दोन्ही मला सारखेच गैर वाटते.

तिसरा प्रश्न विचारणारे विचारतात: यात ख्रिस्ती ते काय? वारीच्या वाटेवर चिखल, पाऊस, उपास सोसत हसणारा वारकरी हेच करतो. खरे आहे, आणि त्याचा संकोच वाटायचे कारण नाही. स्वतः टिळक आपण तुकोबांच्या वाटेने ख्रिस्तापर्यंत आलो असे मानत. तरी एक छटा वेगळी आहे. योहानाच्या शुभवर्तमानात भर दुपारी, चालून दमलेला येशू विहिरीवर बसतो आणि शोमरोनी बाईकडे पाणी मागतो. यहुदी माणसाने शोमरोनी बाईच्या हातचे पाणी मागणे हे त्या काळी अघटित होते; तिलाही नवल वाटते. तहान सोसून दाखवायची संधी तिथे होती. येशूने सोसण्याचा पराक्रम केला नाही, त्याने मागितले. त्रासातून मी किती कणखर आहे हे शिकणे ही एक परंपरा झाली, आदरणीयही आहे. त्रासातून मला दुसऱ्याची किती गरज आहे हे शिकणे ही या विहिरीवरची शिकवण. गर्दीच्या डब्यात जरा सरकून घ्या म्हणणारा आणि सरकून घेणारा, दोघेही त्या विहिरीच्या काठावर असतात. आपण स्वयंपूर्ण आहोत हा समज अशा वेळी गळून पडतो आणि तो गळताना हसू येते, ते निरोगी असते. लक्ष्मीबाईंच्या पाण्याच्या भांड्याचा अर्थही मला या विहिरीपाशीच पुरता उलगडतो.

म्हणून चलथाण-बारडोलीच्या पट्ट्यात रविवारी प्रवचनाला उभ्या राहणाऱ्या पाळकांना आणि फादरांना माझे सांगणे आहे. बंद पडलेल्या पंख्यावर, चुकलेल्या गाडीवर, स्वतःच्या चिडचिडीवर खुशाल बोला. लोक हसतील आणि लक्षात ठेवतील. पण समोर बसलेल्यांच्या उन्हावर बोलायची वेळ आली की प्रवचन तिथेच थांबवा आणि विचारा, पडावावर पिण्याचे पाणी किती लांब आहे, लेकरांच्या शाळेचे काय झाले, अंगावर उचल किती उरली आहे. गाळप सुरू व्हायच्या आधी पाण्याच्या टाकीसाठी कारखान्याकडे आणि पंचायतीकडे अर्ज करायला पुरेसा वेळ असतो. त्या अर्जावर मंडळीतल्या प्रत्येक सभासदाची सही असावी.