परतलेल्या मुलाचे आपण काय करणार?

विद्यार्थ्यांच्या आंतरराष्ट्रीय आदानप्रदान कार्यक्रमाचा विषय निघाला की पालक दोन प्रश्न हमखास विचारतात. खर्च किती येईल, आणि पुढे तिकडे नोकरी मिळेल का? दोन्ही प्रश्न रास्त आहेत. पोटाला चिमटा घेऊन मुलांना वसतिगृहात ठेवणाऱ्या आईवडिलांनी ते विचारलेच पाहिजेत. परंतु तिसरा प्रश्न आम्हांस अधिक मोलाचा वाटतो, आणि तो क्वचितच ऐकू येतो: परत आलेल्या मुलाचे आपण काय करणार?

अशा कार्यक्रमांपैकी एका जुन्या कार्यक्रमाचा उगम युद्धभूमीवर झाला. पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये जखमी सैनिकांची ने-आण करणाऱ्या अमेरिकन स्वयंसेवकांच्या दलातून ‘अमेरिकन फील्ड सर्व्हिस’ ही संघटना उभी राहिली. दोन महायुद्धे पाहिल्यावर तिने १९४७ पासून शाळकरी मुलांना परक्या देशातील कुटुंबांत ठेवण्याचे काम हाती घेतले. या पद्धतीत मूल यजमान कुटुंबात राहते, तिथल्या शाळेत जाते, त्या घरच्यांसोबत जेवते आणि घरकामातला आपला वाटा उचलते.

सोबत जेवण्याचा अर्थ आपल्या समाजाला वेगळा समजावून सांगावा लागत नाही. सोळाव्या-सतराव्या वर्षी, आडनाव ऐकून ज्यांचा चेहरा बदलत नाही अशा घरात काही महिने राहिलेले मूल भेदभावाला पुन्हा ‘रीत’ म्हणू शकत नाही. अर्थात परदेश म्हणजे समतेचा स्वर्ग नव्हे. वर्णभेद तिथेही आहे, आणि आपल्या देशातून जातही तिथे पोहोचली आहे. म्हणूनच अमेरिकेतील सिएटल शहराला २०२३ मध्ये जातिभेदावर कायद्याने बंदी घालावी लागली. हेही मुलांनी पाहावे. त्यातूनच पारख येते.

या अनुभवाचे सामर्थ्य आणि त्याची वेदना, दोन्हींचे सर्वांत मोठे उदाहरण आपल्या घराघरांत आहे. बाबासाहेब १९१३ मध्ये बडोदे संस्थानच्या शिष्यवृत्तीवर कोलंबिया विद्यापीठात गेले, तेव्हा ते बावीस वर्षांचे होते. परदेशातील वास्तव्याने आपण अस्पृश्य आहोत ही जाणीवच मनातून पुसून टाकली होती, असे त्यांनी पुढे नमूद केले आहे. १९१७ मध्ये ते बडोद्यास नोकरीवर रुजू झाले, तेव्हा त्यांना राहावयास घर मिळाले नाही. ज्या पारशी धर्मशाळेत ते उतरले, तेथूनही त्यांना घालवून देण्यात आले. शिक्षणाने दिलेले माणूसपण समाजाने नाकारले. आमच्या मते त्यांच्या पुढील आयुष्यातील निवडींचे एक मूळ या दोन अनुभवांमधील अंतरात आहे.

धर्मानंद कोसंबींचेही स्मरण येथे उचित ठरेल. गोव्यातील हा तरुण १९०२ मध्ये पाली शिकण्यासाठी सिंहलद्वीपास गेला. पुढे कलकत्त्यातील अधिक वेतनाचे अध्यापन सोडून, महाराष्ट्रात राहून काम करता यावे म्हणून त्यांनी बडोद्याचे अल्प मानधन पत्करले. मिळविलेली विद्या आपल्या लोकांच्या भाषेत यावी, हा त्या निवडीचा अर्थ.

हे दोघे प्रौढ वयात, दीर्घ अभ्यासासाठी गेले होते. आजचे विद्यार्थी लहान वयात, थोड्या काळासाठी जातात. तरीही परतीचा पेच तोच आहे. म्हणून आमच्या तीन सूचना आहेत.

पहिली, निवड केवळ गुणांवर आणि इंग्रजीवर होऊ नये. दहाव्या वर्षी घर सोडून अनोळखी मुलांसोबत एका खोलीत राहावयास शिकलेले आपल्या वसतिगृहातील मूल परक्या घरात राहण्याची निम्मी तयारी करूनच निघते. मुलींनाही ही संधी तितक्याच विश्वासाने द्यावी.

दुसरी, परतल्यावरचे वर्ष शाळेने आपले मानावे. मूल अधिक प्रश्न विचारू लागेल, कदाचित घरात खटकेलही. ‘तिकडचे वारे लागले’ म्हणून त्याला गप्प करू नये. त्याला धाकट्या विद्यार्थ्यांना शिकवू द्यावे, वस्तीतील सभेत बोलू द्यावे.

तिसरी, आदानाबरोबर प्रदानही व्हावे. परदेशी विद्यार्थी आपल्या घरांत राहावयास यावेत. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात काय घडले, हे त्यांनी आपल्या आजी-आजोबांच्या तोंडून ऐकावे. आपणही जगाला देण्याजोगे काही बाळगून आहोत, हे आपल्या मुलांना तेव्हाच उमगेल.

माजी विद्यार्थ्यांनो, दरवर्षी एका मुलाचा किंवा मुलीचा प्रवासखर्च आपण मिळून उचलू शकतो. पालकहो, आपण परतलेल्या लेकराचे म्हणणे ऐकून घ्या. त्याने पुढे कुठेही राहावे, कोणतेही काम करावे. माणसाला कमी लेखणारी वागणूक त्याने मुकाट्याने सोसू नये आणि कुणाला देऊही नये, एवढी अपेक्षा आपण बाळगू या.