गोळी बंद केली अन् पोटदुखी परतली. गर्भनिरोधक गोळीने खरंच ‘पिशवी’ खराब होते का?

मूल हवं म्हणून गर्भनिरोधक गोळी बंद केली. एक-दोन पाळ्या गेल्या आणि ओटीपोटातली जुनी कळ परतली. घरात लगेच निकाल लागतो: ‘गोळ्यांनी पिशवी खराब केली.’ चांदूर बाजार असो, अचलपूर असो की अकोट, हे वाक्य कुणाला नवीन नाही. ते चुकीचं तर आहेच, शिवाय महागात पडणारं आहे. दोष गोळीच्या माथी मारला की खऱ्या दुखण्याचा शोध तिथेच थांबतो आणि हातातले महिने निघून जातात.

गोळी नेमकं काय करते?

सरकारी दवाखान्यात मोफत मिळणारी माला-एन आणि मेडिकलमध्ये मिळणारी माला-डी, दोन्हींच्या पाकिटात २८ गोळ्या असतात. २१ गोळ्यांमध्ये लेव्होनॉरजेस्ट्रेल आणि इथिनिल इस्ट्राडिओल ही दोन हार्मोन्स, तर उरलेल्या ७ लोहाच्या. या हार्मोन्समुळे अंडाशयातून बीज बाहेर पडत नाही आणि गर्भाशयाचं आतलं अस्तर पातळ राहतं. अस्तर पातळ राहिलं की पाळीच्या वेळी प्रोस्टाग्लँडिन हे रसायन कमी तयार होतं. गर्भाशय आवळून कळा आणणारं रसायन हेच. म्हणून तर डॉक्टर पाळीच्या दुखण्यावरही ही गोळी देतात.

गोळी थांबली की अस्तर पूर्वीसारखं होतं आणि कळाही पूर्वीसारख्या येतात. म्हणजे गोळीने इतके दिवस जुन्या दुखण्याचा आवाज म्यूट केलेला असतो. तीन-चार वर्षं गोळी घेतलेल्या बाईला आपली पाळी आधी किती दुखायची, हे नीटसं आठवतही नाही. त्यामुळे परतलेलं दुखणं नवं वाटतं.

‘सहा महिने थांबा, शरीर साफ होऊ द्या’

हा सल्ला शेजारणीपासून मेडिकलच्या काउंटरपर्यंत सगळीकडे मिळतो. त्याला वैद्यकीय आधार नाही. या गोळीतली हार्मोन्स काही दिवसांत शरीराबाहेर जातात. युरोपात दोन हजारांहून अधिक महिलांचा अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात गोळी थांबवल्यानंतर पहिल्याच पाळीचक्रात सुमारे २१ टक्के, तर वर्षभरात ७९ टक्के महिलांना दिवस राहिले. पहिली नैसर्गिक पाळी येण्याआधीच गर्भ राहिला तरी बाळाला धोका नसतो. फक्त तारखेचा हिशेब चुकतो, तो सुरुवातीच्या सोनोग्राफीत जुळतो. मात्र गोळी थांबवून तीन महिने झाले तरी पाळी आली नाही, तर डॉक्टरांना दाखवायला हवं.

ज्यांची पाळी दुखते त्यांच्यासाठी हे सहा महिने थांबणं म्हणजे सहा महिन्यांचं फुकटचं दुखणं. मूल हवं असेल तेव्हाच गोळी सोडावी. पाकीट पूर्ण करून सोडली तर तारखा मोजायला सोपं जातं, एवढंच.

सगळ्याच साधनांचं गणित मात्र असं नाही. ‘अंतरा’ इंजेक्शन घेणाऱ्यांना शेवटच्या इंजेक्शननंतर गर्भधारणेची क्षमता परत यायला साधारण ७ ते १० महिने लागू शकतात. ‘छाया’ ही हार्मोन नसलेली गोळी लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत तयार झाली. ती थांबवल्यावर एवढा उशीर होत नाही. आपण नेमकं काय घेत होतो, हे डॉक्टरांना सांगताना नाव आठवत नसेल तर रिकामं पाकीट सोबत न्यावं.

दुखणं साधं की आजाराचं?

खरा प्रश्न हा आहे. पाळीच्या पहिल्या-दुसऱ्या दिवशी दुखणं, शेकाने किंवा साध्या गोळीने उतरणं, हे बहुतेकींच्या बाबतीत आजाराचं लक्षण नसतं. पण पाळीच्या आधीच दुखायला लागतं, पाळी संपली तरी थांबत नाही, संबंधाच्या वेळी किंवा शौचाला-लघवीला होताना कळ येते, दरवर्षी दुखणं वाढत जातं, निंदणाला किंवा कापूस वेचायला जाता येत नाही आणि रोज बुडतो, तर ते अंगावर काढायचं नाही.

यामागे एंडोमेट्रिओसिस असू शकतं. गर्भाशयाच्या अस्तरासारख्या पेशी गर्भाशयाबाहेर, अंडाशयावर किंवा आतड्यालगत वाढतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जननक्षम वयातल्या सुमारे १० टक्के, म्हणजे जगभरात १९ कोटी महिला आणि मुलींना हा आजार आहे. त्यामुळे गर्भधारणेत अडचण येऊ शकते, तरी अनेकींना आपोआप दिवस राहतात. गाठी असतील तर सोनोग्राफीत दिसतात, पण सोनोग्राफी नॉर्मल आली म्हणून आजार नाहीच, असं म्हणता येत नाही. फायब्रॉइड, अडिनोमायोसिस आणि आपल्याकडे गर्भाशयाचा किंवा गर्भनलिकांचा क्षयरोग, याही शक्यता तपासाव्या लागतात.

‘आणखी काही महिने हार्मोन देऊन आजार दाबू, मग मूल लवकर होईल’ असंही काही जणींना सांगितलं जातं. युरोपातील प्रजननतज्ज्ञांच्या संघटनेच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचना याच्या विरोधात आहेत. गर्भधारणेची शक्यता वाढवण्यासाठी असे उपचार देऊ नयेत, असं त्यात म्हटलं आहे. दुखण्यासाठी गोळी उपयोगी आहे, पण तिने मूल लवकर होत नाही.

विचारायचं कोणी?

आशा सेविकांकडून गर्भनिरोधकं घरपोच देण्याची योजना २०११ मध्ये सुरू झाली. पाकीट दारात येतं, ही मोठी सोय आहे. पण ते थांबवताना काय, हे सांगायला कोणी येत नाही. प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी रुग्णालयांत गर्भवतींची मोफत तपासणी होते. म्हणजे दिवस राहिल्यावर ठरलेली तारीख आहे. दिवस राहावेत म्हणून गोळी सोडणाऱ्या, पाळीत तळमळणाऱ्या बाईसाठी तशी तारीख नाही. ग्रामीण रुग्णालयात महिन्यातून एक दुपार त्यांच्यासाठी राखली, तर अमरावतीच्या डफरीनपर्यंत एक दिवसाची मजुरी बुडवून जाण्याची वेळ किती जणींवर येते, हे तरी कळेल.

दुखण्याचं कारण न शोधता थेट पिशवीकडे बोट दाखवलं की काय होतं, हे राज्याने बीडमध्ये पाहिलं आहे. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीसमोर २०१९ मध्ये आलेल्या आकडेवारीनुसार, तिथल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं होतं. वऱ्हाडातल्या कुटुंबांत ‘पिशवी खराब’ हा शब्द ज्या सहजतेने वापरला जातो, त्यावर हे आकडे ठेवून पाहावेत.

गोळी सोडताना एवढं पाहा

फॉलिक ॲसिड गर्भधारणेच्या किमान महिनाभर आधीपासून, रोज ४०० मायक्रोग्रॅम. विदर्भातलं सिकलसेलचं प्रमाण पाहता पती-पत्नी दोघांचीही सिकलसेल तपासणी करून घ्यावी.

पाळीत सर्रास घेतल्या जाणाऱ्या मेफेनॅमिक ॲसिडच्या गोळ्यांबाबत जपून. अशी वेदनाशामकं पाळीचक्राच्या मध्यावर घेतली तर बीज बाहेर पडण्यात अडथळा येऊ शकतो. याच औषधाच्या एका दुर्मीळ पण गंभीर रिॲक्शनबद्दल भारतीय औषधकोश आयोगाने २०२३ मध्ये इशाराही दिला होता. दिवस राहिल्याची शंका असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय ती घेऊ नयेत. गरम पाण्याच्या पिशवीचा शेक कधीही चालतो.

गोळी सुरू असताना एएमएच ही रक्तचाचणी केली तर आकडा कमी दिसू शकतो. तो रिपोर्ट पाहून घाबरण्यात अर्थ नाही. गोळी थांबवून काही महिन्यांनी चाचणी पुन्हा करता येते.

पस्तिशीच्या आत असाल तर वर्षभर, पस्तिशीनंतर सहा महिने प्रयत्न करून डॉक्टरांकडे जा, असा सर्वसाधारण नियम आहे. पाळी वर सांगितल्यासारखी दुखत असेल तर एवढं थांबू नका, गोळी सोडण्याआधीच दाखवा. आणि तपासण्या सुरू झाल्या की नवऱ्याची वीर्यतपासणी पहिल्याच फेरीत करून घ्या. ती स्वस्त आहे, तिला सुई लागत नाही, तरीही बहुतेक घरांत ती सगळ्यात शेवटी होते.