काडेपेटीच्या कारखान्यात आता घरं आहेत, पण पाटी कुणाची लागली?



जुन्या कारखान्यांच्या व्हिडिओखाली बऱ्याच जणांनी विचारलं, "सर, बंद पडलेल्या फॅक्टरीचं पुढे काय होतं?" आपल्या परळला गिरण्यांच्या जागी मॉल आणि टॉवर आले. आज लंडनचं उदाहरण बघू.

पूर्व लंडनमध्ये 'बो' भागात ब्रायंट अँड मे कंपनीचा काडेपेटीचा मोठा कारखाना होता. १९७९ मध्ये तो बंद पडला. पुढे इमारती न पाडता आतून बदलून तिथे फ्लॅट केले. नाव 'बो क्वार्टर'. लाल विटांच्या त्याच भिंती, आत सातशेच्या आसपास घरं. बंद धंद्याची जागासुद्धा मालमत्ता असते, हा झाला पहिला धडा.

माझा खरा मुद्दा दुसराच आहे. २०२२ मध्ये तिथे निळी स्मृतिपाटी लागली. ती मालकांसाठी नाही. १८८८ साली तिथे संप करणाऱ्या मुलींसाठी आहे!

झालं काय होतं? मजुरी कमी, त्यात उशिरा आलं की दंड, बोललं की दंड. वर पांढऱ्या फॉस्फरसमुळे जबड्याचं हाड सडायचं. ॲनी बेझंट यांनी यावर लेख लिहिला. होय, पुढे १९१७ मध्ये काँग्रेसच्या अध्यक्ष झाल्या त्याच. भागधारकांना वीस टक्क्यांहून जास्त लाभांश मिळतोय, हेही त्यांनी छापलं. 'आमची काही तक्रार नाही' असं मुलींकडून लिहून घ्यायचा प्रयत्न झाला आणि सुमारे १४०० जणी बाहेर पडल्या. दोनेक आठवड्यांत कंपनीला दंड बंद करावे लागले.

आता तुम्ही म्हणाल, "सर, आमच्याकडे दोनच माणसं आहेत." अहो, माझ्याकडे तीन होती! मसाला पॅकिंगचं पहिलं युनिट. दहा मिनिटं उशीर झाला की मी अर्धा दिवस कापायचो. मला वाटायचं, ही शिस्त. ऐन दिवाळीत दोघं सोडून गेले आणि ऑर्डर हातची गेली. कापलेल्या पैशांच्या कितीतरी पट नुकसान झालं.

पण नुसता चांगुलपणा पुरत नाही, हेही ऐका. १८९१ मध्ये साल्व्हेशन आर्मीने लंडनमध्येच काडेपेटीचा कारखाना काढला. सुरक्षित लाल फॉस्फरस वापरला, मजुरी जास्त दिली. पण पेटी महाग पडली आणि दहा वर्षांत काम थांबलं. ब्रिटनमध्ये पांढऱ्या फॉस्फरसवर बंदी आली, ती १९१० पासून.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. योग्य मजुरी आणि सुरक्षितता हा दानधर्म नाही, तो कॉस्टिंगचा भाग आहे. पहिल्याच दिवशी तो किमतीत धरा. त्या किमतीला माल विकला जात नसेल, तर माल बदला, पॅकिंग बदला, ग्राहक बदला. कामगाराच्या खिशातून फरक भरू नका.

आज एक काम करा. तुमचा कॉस्टिंगचा कागद काढा आणि त्यात हातमोजे, मास्क, रजा आणि ओव्हरटाइम या चार ओळी आहेत का बघा. नसतील तर तुमचा नफा अजून खरा नाही.

तुमच्या शेडचं पुढे काय होईल, सांगता येत नाही. पण तिथे काम केलेला माणूस तुमच्याबद्दल काय सांगेल, ते मात्र आजच ठरतंय.

भेटू पुढच्या व्हिडिओत!