शिस्त

यंदा दिवाळीच्या सुटीत चकलांब्याला अक्काकडे गेलो होतो. गेवराई तालुक्यातले हे गाव. कापूस घरात येण्याचे दिवस, ओसरीवर बोचक्यांचा ढीग, आणि त्या ढिगाशेजारी बसून चाललेला घरगुती तंटा. भाचीला नवा ‘रिलीज’ हवा होता. किंमत पंधरा-वीस हजार. दाजी म्हणत होते, “एक आहे की! बाण सोडायला दोन दोन यंत्रं? अर्जुनाला कुठं लागलं होतं?” अर्जुनाचे नाव निघाले की मराठीच्या प्राध्यापकाला मध्ये ओढायचे, हा आमच्या घरचा रिवाज आहे.

मी म्हटले, “दाजी, अर्जुनालाही लागत होतं.” महाकाव्यांतले वीर लढाईला निघतात ते ‘गोधा’ आणि ‘अंगुलित्राण’ बांधून. दोरीचा फटका बसू नये म्हणून डाव्या हाताला गोधा, बोटे सोलून निघू नयेत म्हणून अंगुलित्राण. तुर्क-मोगल अंगठ्याने दोरी ओढत, त्यासाठी अंगठ्यात कडी घालत. शहाजहानची अशी हिरव्या दगडाची कडी लंडनच्या व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट संग्रहालयात आहे. फारसीत अंगठ्याला ‘शस्त’ म्हणतात, त्या कडीलाही शस्तच. आपला ‘शिस्त’ शब्द फारसीतूनच आलेला, आणि त्याचा जुना अर्थ नेम. मला तर तो या अंगठ्याच्याच घराण्यातला वाटतो. कवायतीच्या मास्तरांनी छडीने शिकवलेली शिस्त ही पुढची गोष्ट! दाजींना ही व्युत्पत्ती फारशी रुचली नाही. अक्का मात्र म्हणाली, “मग त्या एकलव्याचा अंगठा मागितला तो उगीच नव्हे.”

भाचीचे धनुष्य ‘कंपाउंड’. हॉलेस विल्बर ॲलन या अमेरिकन गृहस्थांना त्याचे पेटंट १९६९ साली मिळाले. टोकांना चाके असतात. दोरी पूर्ण ओढली की हातावरचे वजन एकदम घटते आणि थांबून नेम धरता येतो. आता बोटांनी दोरी सोडली, तर ती बोटांवरून घसरताना किंचित बाजूला सरकते आणि बाण वळवळत निघतो. रिलीजच्या आकड्यात दोरीला बांधलेला छोटा फास अडकवतात. आकडा उघडला की दोरी जवळजवळ सरळ पुढे जाते. ऑलिंपिकमध्ये आजवर चाललेल्या ‘रिकर्व्ह’ धनुष्याला हे साधन चालत नाही, तिथे बोटेच. कंपाउंडची मिश्र जोडी मात्र २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये घेण्याचे ठरले आहे, आणि भाचीच्या डोळ्यांपुढे ते साल आहे.

तिच्या खोलीत भिंतीवर दोन कात्रणे आहेत. ऑगस्ट २०२३ मध्ये बर्लिनच्या जागतिक स्पर्धेत साताऱ्याची सतरा वर्षांची अदिती स्वामी १४९-१४७ अशी जिंकली, आणि त्याच दिवशी नागपूरच्या ओजस देवतळेने अंतिम सामन्यात १५० पैकी १५० केले. पन्नास मीटरवर आठ सेंटिमीटरचे वर्तुळ, आणि पंधराच्या पंधरा बाण त्यात! दोघेही साताऱ्यात प्रवीण सावंत यांच्या हाताखाली तयार झालेले. दाजी ती कात्रणे पाहून काही बोलत नाहीत, पण पुसून ठेवतात, हे मी पाहिले आहे.

संध्याकाळी मी तिच्याबरोबर शेतात गेलो. बांधाला टेकवलेले लक्ष्य, मागे मोकळे रान. पहिले चार बाण पिवळ्यात. मग मी गमतीने म्हटले, “हा बसला तर बक्षीस.” बाण निळ्यात!

“असंच होतं, मामा,” ती म्हणाली. “पिवळं दिसलं की बोटच उडतं. स्पर्धेत तर हमखास.”

दुखणे हे होते, आणि ते ती घरी कोणाला बोलली नव्हती. नेमाचा ठिपका कोणाचाच स्थिर राहत नाही, थोडा हलतोच. तो हलू द्यायचा, पाठीच्या स्नायूंनी ओढ चालू ठेवायची, आणि चाप आपल्यालाही न कळत सुटला पाहिजे. ती उलट करते: ठिपका मधोमध आला की घाईने चाप दाबते, त्या धक्क्याने हात हलतो. तिला हवा होता तो बिनचापाचा रिलीज. पाठीच्या ओढीने हात वळतो तसा तो उघडतो. म्हणजे मागणी अगदीच खुळी नव्हती. पण मनगटाने तोही फिरवता येतो, हे तिच्या गुरुजींनीच तिला सांगितले होते. ते म्हणतात, आधी महिनाभर पाच पावलांवरून, डोळे मिटून, लक्ष्याचा कागद न लावता बाण मारायचे. डाव्या मुठीने धनुष्य आवळायचे नाही, बाण लागेपर्यंत हात खाली आणायचा नाही. हे तिला लाजिरवाणे वाटत होते. गाव बघते ना!

मी घरी येऊन दाजींना सगळे सांगितले. ते बराच वेळ सुपारी कातरत बसले. “आधी ते डोळे मिटून मारायचं होऊ दे,” शेवटी म्हणाले. “कापसाचे पैसे तोवर येतील.” निम्मे मी देईन असे मी म्हटले, त्यावर अक्काने माझ्याकडे असे पाहिले की मी विषय बदलला.

पाडव्याच्या पहाटे कसल्याशा आवाजाने जाग आली. खिडकीतून पाहिले तर दाजी लक्ष्याचा कागद काढून बाजूला ठेवत होते आणि भाची पाच पावलांवर डोळे मिटून उभी होती. दाजी पुरते दूर झाल्यावर अक्काने हाक दिली, “हं, सोड.” बराच वेळ काहीच झाले नाही. मग बाण सुटला, आणि ती स्वतःच दचकली.