इम्युनोथेरपीचा कमी डोस: २० मिलिग्रॅम पुरतात का?

"डॉक्टर, पूर्ण डोसचा खर्च झेपणार नाही. कमी डोस चालेल का?" तोंडाच्या किंवा घशाच्या कर्करोगाच्या रुग्णांचे नातेवाईक हा प्रश्न जरा संकोचाने विचारतात. संकोच नको, प्रश्न रास्त आहे.

आपल्या टी-पेशींवर पीडी-१ नावाचे प्रथिन असते. टी-पेशींनी स्वतःच्याच अवयवांवर हल्ला करू नये म्हणून तो एक ब्रेक आहे. कर्करोगाची पेशी पीडी-एल१ हे प्रथिन पुढे करून नेमका हाच ब्रेक दाबते. शिवाय टी-पेशींच्या हल्ल्यात सुटणाऱ्या इंटरफेरॉन-गॅमामुळे गाठ आणखी पीडी-एल१ बनवते. म्हणून बायॉप्सीच्या रिपोर्टमधला पीडी-एल१चा आकडा बदलू शकतो. तो कमी आला म्हणजे उपचाराचा उपयोगच नाही, असे समजू नका.

निव्होलुमॅब हे औषध पीडी-१वर जाऊन बसते आणि ब्रेक दाबू देत नाही. बसण्याच्या जागा थोड्या औषधानेही बऱ्याचशा भरतात. नेहमीचा डोस दर दोन आठवड्यांनी २४० मिलिग्रॅम. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाने दर तीन आठवड्यांनी फक्त २० मिलिग्रॅम देऊन पाहिले. डोक्या-मानेचा कर्करोग खूप पुढे गेलेल्या १५१ रुग्णांवरील या चाचणीचे निष्कर्ष २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले. सर्वांना मेथोट्रेक्सेट, सेलेकॉक्सिब आणि एर्लोटिनिब या तोंडावाटे घेण्याच्या औषधांचा उपचार होता. तेवढ्यावरच असलेल्यांपैकी वर्षभरानंतर १६.३ टक्के हयात होते. निव्होलुमॅबची जोड मिळालेल्यांत ४३.४ टक्के.

फरक मोठा आहे, पण नीट वाचा. तुलना 'कमी डोस की इम्युनोथेरपीच नाही' अशी होती. कमी डोस पूर्ण डोसइतकाच चांगला, हे या चाचणीने तपासलेले नाही. पैसे नसल्याने ज्यांना काहीच मिळाले नसते, त्यांच्यासाठी मात्र मला हा खरा पर्याय वाटतो. फुप्फुसाच्या किंवा दुसऱ्या कर्करोगाला हेच आकडे लावू नका.

डोस कमी म्हणून बेफिकीर राहू नका. ब्रेक सुटलेल्या टी-पेशी थायरॉइड, आतडे, यकृत किंवा फुप्फुसावरही उलटू शकतात, कधी उपचार थांबल्यावर काही महिन्यांनीसुद्धा. वारंवार जुलाब, नवा खोकला, दम लागणे, डोळे पिवळे होणे यांपैकी काही दिसले तर घरच्या घरी गोळी घेऊन थांबू नका, त्याच दिवशी कर्करोगतज्ज्ञांना कळवा. गावातल्या डॉक्टरांकडे गेलात तर 'इम्युनोथेरपी घेतली आहे' हे आधी सांगा, कारण अशा जुलाबांना अनेकदा स्टिरॉइड लागते.